सातव्या घराचं कुंपण

ज्योतिषाकडे येणारा माणूस आपली गाडी दोन घरं अलीकडे लावतो. सिंदी मेघेत माझ्या घराच्या अलीकडे एक मेडिकल स्टोअर आहे. तिथे स्कूटर उभी करायची, उगाच गोळ्यांची एक पट्टी घ्यायची आणि फोनवर बोलत असल्यासारखं करत माझ्या फाटकातून आत शिरायचं, असा इथला रिवाज आहे. तो मेडिकलवाला मला एकदा म्हणाला, "काकू, तुम्ही गावाले गेल्या का माझ्या डोकेदुखीच्या गोळ्या खपत नाई."

येणारे कोण, तर शिक्षक, बँकेतले, जिल्हा परिषदेतले. विज्ञान शिकवणारे जरा जास्तच. हीच मंडळी भाजीबाजारात समोर आली की मला ओळखत नाहीत. एकदम वांगी निरखायला लागतात. पूर्वी याचा मला राग यायचा. आता मीच त्यांना सोपं जावं म्हणून कोथिंबिरीकडे वळते.

हे काम मी विवाहानंतर शिकले, वर्ध्यातल्याच एका निवृत्त संस्कृत शिक्षकांकडून. ते फार रागीट होते. गणित चुकलं की सगळं पहिल्यापासून करायला लावायचे, आणि कोणी फळ काय म्हणून विचारलं की गुरगुरायचे, "आधी आकाश मांडा, मग तोंड उघडा." नंतर माझ्याकडे इतकी माणसं येऊन गेली की आता कोणी विचारलं, 'काकू, हे खरं असतं का हो?' तर माझं उत्तर ठरलेलं आहे. आकाश खरं आहे, त्याचं गणित खरं आहे. फळ माणूस सांगतो, आणि माणूस घाबरट असतो, हावरट असतो, कधी नुसताच आगाऊ असतो. तेव्हा ऐकणाऱ्यानं आपली अक्कल चपलांबरोबर बाहेर ठेवू नये.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी ठरवलं, लोकांना एकदा पत्रिका समजावून सांगू. कोणी घाबरू नका.

आकाशात ग्रह ज्या वाटेनं फिरतात त्या गोल पट्ट्याचे सारखे बारा तुकडे केले, त्या बारा राशी. हे तुकडे सगळ्या जगाला सारखेच. पण मूल जन्मलं त्या क्षणी, त्या गावी, पूर्वेला जो तुकडा उगवत होता, तिथून त्या मुलाची बारा घरं मोजायची. या उगवत्या राशीला लग्नरास म्हणतात. तिचा मांडव-वरातीशी संबंध नाही. पहिलं घर स्वतःचं, चौथं आईचं आणि राहत्या जागेचं, सहावं रोगाचं आणि शत्रूचं, सातवं जोडीदाराचं, दहावं कामधंद्याचं, अशी ही बारा घरं. उगवती रास साधारण दोन तासांनी बदलते, म्हणून आम्ही जन्मवेळेसाठी हटून बसतो. जुन्या बायांना वेळ विचारली तर उत्तर मिळतं, "पॅसेंजर गेलती, आन् दूधवाला यायचा होता." आता त्या दिवशी पॅसेंजर वेळेवर होती का, ते मी कुठून काढू?

इथपर्यंत सगळे ज्योतिषी एका सुरात बोलतात. भांडण लागतं ते घराच्या भिंतीवरून. साध्या पत्रिकेत एक अख्खी रास म्हणजे एक घर. रास संपली, घर संपलं. मोबाइलमधलं ॲप पहिल्या पानावर जो चौकोन दाखवतं, तो हाच. पण जन्माच्या वेळी ती उगवती रास नुकती डोकावत होती की जवळजवळ पूर्ण वर आली होती, हे त्यात धरलेलंच नसतं. म्हणून दुसरी पद्धत आली. तिच्यात राशीच्या तीस अंशांपैकी त्या क्षणी जो उगवत होता, तो अंश हा घराचा मध्य मानतात. ढोबळमानानं अर्धं घर त्याच्या अलीकडे, अर्धं पलीकडे. याला भावचलित म्हणतात. तिसरी पद्धतवाले म्हणतात, मध्य कसला, उगवता अंश ही तर घराची सुरुवात.

आमच्या सिंदी मेघेत ज्यांनी लेआउटमध्ये प्लॉट घेतले, त्यांना हे पटकन कळतं. नकाशात लिंबाचं झाड तुमच्या प्लॉटमध्ये दिसतं. मग मोजणीवाला येतो, खुणा करतो, आणि झाड शेजाऱ्याकडे जातं. झाड तसूभर हललेलं नसतं, कुंपण हललेलं असतं. साध्या पत्रिकेत सातव्या घरात बसलेला ग्रह भावचलितात सहाव्यात किंवा आठव्यात जातो तो असाच.

यातली खरी पद्धत कोणती, असं विचाराल तर मी भावचलित वापरते, कारण मला ते शिकवलं आणि माझा त्यावर हात बसला. पण पद्धतीपेक्षा माझा एक नियम कडक आहे. एका टेबलावर एकच पद्धत. लेखा विभागातले एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. त्यांना दहाव्या घरातला शनी हवा होता, तो साध्या पत्रिकेत मिळत होता. आणि आठव्यातला राहू नको होता, तो भावचलितात टळत होता. त्यांचं म्हणणं, शनी इकडचा घ्या, राहू तिकडचा. मी चिडून म्हटलं, "ऑफिसात पगार एका नियमानं आणि रजा दुसऱ्या नियमानं घेता का?" ते शांतपणे म्हणाले, "जमलं तं घेतोच ना काकू."

घरं झाली, आता नजर. ग्रह नुसता बसत नाही, तो बसल्या जागेवरून बघतोही. याला दृष्टी म्हणतात. हे समजावून सांगायची हातोटी मला जाम गावच्या एका हॉटेलवाल्यामुळे आली. गजाननभाऊ त्याचं नाव. जामच्या चौकात त्याचं हॉटेल. नागपूरकडून येणारा, चंद्रपूरकडे जाणारा, सगळा राबता तिथे थांबतो. तो मला म्हणाला, "काकू, ग्रह बसला एका घरात आन् खराबी करून राह्यला दुसऱ्या घरात. हे काऊन?"

मी विचारलं, "भाऊ, तुम्ही गल्ल्यावर बसता तेव्हा नजर कुठे असते?"

"समोरच्या दारावर. कोन आलं, कोन गेलं."

"ही सातवी दृष्टी. प्रत्येक ग्रह आपल्या समोरच्या घरावर, म्हणजे स्वतःपासून सातव्या घरावर बघतो. पण तीन ग्रहांना ज्यादा नजर दिली आहे. मंगळ चौथ्या आणि आठव्या घरावरही बघतो, गुरू पाचव्या आणि नवव्यावर, शनी तिसऱ्या आणि दहाव्यावर. गुरूची नजर मायेची मानतात, मंगळाची गरम, शनीची थंड."

गजाननभाऊनं क्षणभर विचार केला. "मंजे आलूबोंड्याच्या कढईवर मंगळाची नजर, कामचोर पोट्ट्यायवर शनीची, आन् लेकरं घेऊन आलेल्या बाईच्या टेबलावर गुरूची."

इतकं सोपं मला माझ्या सरांनीही सांगितलं नव्हतं. पुढे मी जामला उतरले तेव्हा तो वेटरवर ओरडत होता, "माही तिसरी दृष्टी हाये तुह्यावर, ध्यानात ठेवजो!"

अशी गंमत असते म्हणून हे काम इतकी वर्षं केलं. पण या धंद्याची मला एका ठिकाणी लाज वाटते, आणि ते ठिकाण म्हणजे मंगळ. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की माणूस मंगळाचा. बारापैकी पाच घरं, म्हणजे जवळजवळ निम्मं गाव. काही महाभाग चंद्रापासूनही मोजतात. मग उरलेल्या गावातलेही बरेचसे सापडतात. त्यात सातव्यातला मंगळ सगळ्यांत बदनाम, कारण ते जोडीदाराचं घर. अशा माणसाचा जोडीदार टिकत नाही, असं सांगत सुटतात. बरं, मुलाचा मंगळ कोणी उकरून काढत नाही. मुलीचा मात्र ती दहावी व्हायच्या आत सगळ्या नात्यात माहीत झालेला असतो. आम्ही लोकांना आकाश दाखवायचं, तर आमच्यातल्या बऱ्याच जणांनी भीती दाखवली.

वनिताबाई माझ्याकडे आल्या त्या यामुळेच. गाडी लपवायचा प्रश्न नव्हता, कारण त्या केळझरहून बसनं आल्या होत्या, आणि आमच्या गल्लीच्या तोंडापासून "कुंडली पायते ते काकू कुठं राह्यते?" असं मोठ्यानं विचारत आल्या होत्या. केळझरला गणपतीच्या पायथ्याशी त्यांचं हार, नारळ आणि दुर्वांचं दुकान आहे. नवरा बरीच वर्षं झाली गेला. एकच मुलगी, प्राजक्ता. वर्ध्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते.

त्यांनी पत्रिका पुढे ठेवली आणि एकदम म्हणाल्या, "सातव्यात मंगळ हाये. मले मालूम हाये. तुमी नका सांगू. तुमी फक्त येवढं सांगा, हे कमी करता येते का?"

प्राजक्ताला चांगली स्थळं आली होती आणि पत्रिका पाहून परत गेली होती. एका भटजींनी कुंभविवाह सांगितला. म्हणजे मुलीचा विवाह आधी मातीच्या माठाशी लावायचा आणि माठ फोडायचा. मंगळाचा जो काही घाव असेल तो माठावर जातो. प्राजक्तानं साफ नकार दिला. "ते म्हनते, मी लोकायचं रक्त तपासतो आई, मले माठाशी लगन लावायले लाज वाटते." बोलता बोलता वनिताबाईंना हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं.

आता तिला तिच्याच लॅबमधला निखिल आवडला होता आणि निखिलला ती. मुलगा एकुलता एक, आई नाही, वडील निवृत्त गणित शिक्षक. राऊत सर. पोरांचं सगळं ठरलं होतं, आणि सरांनीच नाही म्हटलं होतं. अपमान केला नाही, हुंडा मागितला नाही. मुलगी चांगली आहे म्हणाले, घराणं चांगलं आहे म्हणाले, पण सातव्यात मंगळ आहे म्हणाले. सरांनी बायको गेल्यानंतर ज्योतिष शिकून घेतलं होतं, त्यामुळे कोणा भटजीवर ढकलायची सोय नव्हती. निखिल वडिलांना सोडून विवाह करायला तयार होता, तर प्राजक्ताच तयार नव्हती. एकट्या माणसाचं पोरगं आपण तोडून आणायचं नाही, असं तिचं म्हणणं. म्हणजे गाठ तिथेच अडकली होती.

मी मंगळ 'कमी' करत नाही. मी आकाश मांडते. जन्मवेळ दवाखान्याच्या कागदावर होती, तेव्हा पॅसेंजरमागे धावायचं काम नव्हतं. मिथुन लग्न, आणि तेही अगदी शेवटच्या अंशांवर. रास जवळजवळ पूर्ण वर आलेली. मंगळ समोर धनु राशीत, पण अगदी सुरुवातीलाच. साध्या पत्रिकेत तो सातव्यात. भावचलित मांडलं, तर घराचं कुंपण पुढे सरकलं आणि मंगळ सहाव्यात राहिला. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं.

"वनिताबाई, माझ्या पद्धतीनं मंगळ सातव्यात नाही."

त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्या संशयानं बघत राहिल्या. "इतके वर्सं होता, आन् आता नाई?"

"मंगळ जिथे होता तिथेच आहे. घर मोजायची रीत वेगळी आहे."

"मंग सरायले सांगा. मले सांगून काय फायदा? मले पोरगी काल बी चांगलीच दिसत होती."

दोन-चार दिवसांनी राऊत सर आले. उंच, वाळके, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांनी गाडी सरळ माझ्या फाटकासमोर लावली, म्हणून मला ते आवडले. आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या बाईंची समजूत काढली, ठीक आहे. पण मला गणित दाखवा."

मी आधी दृष्टीपासून सुरुवात केली, कारण शिकलेला ज्योतिषी त्यालाच मान देतो. मुलीच्या पत्रिकेत गुरू मेषेत आहे, तिथून त्याची नववी दृष्टी धनु राशीवर पडते, म्हणजे थेट मंगळावर. आणि धनु ही गुरूची स्वतःची रास. घरमालक स्वतःच्या घरावर नजर ठेवून असताना भाडेकरू कितीसा धिंगाणा घालणार?

सर म्हणाले, "गुरू वक्री आहे. आणि त्याच्या शेजारी नीचेचा शनी बसला आहे. त्या घरमालकाचीच तब्येत बरी नाही."

मला मनापासून हसू आलं. तेही थोडे हसले. मग मी भावचलिताचा कागद पुढे केला. तो बघताना त्यांचा चेहरा शिक्षकाचा झाला. ओठ हलायला लागले, बोट आकड्यांवरून फिरायला लागलं.

"ॲपमध्ये हे नव्हतं," ते म्हणाले.

"ॲपमध्ये असतं सर, पुढच्या पानावर. गणिताचे शिक्षक असून तुम्ही पहिल्याच पानावर थांबलात?"

त्यांना ते लागलं. कागदाची घडी करत म्हणाले, "घरी जाऊन हातानं करून पाहतो. बरोबर आलं तर मान्य करीन."

"करा. फक्त एक अट आहे. मुलीचं ज्या पद्धतीनं पाहाल, त्याच पद्धतीनं मुलाचंही पाहा. निखिलचं भावचलित केलं होतं का कधी?"

"त्याचा मंगळ सहाव्यात आहे. प्रश्नच आला नाही."

"मग आता येऊ द्या. एका टेबलावर एकच पद्धत."

"मान्य," ते म्हणाले. गणिताच्या माणसाला ही अट नाकारणं जडच जातं. मी मुलाची पत्रिका तोवर पाहिलीही नव्हती. माझ्यापुढे मुलीचीच आली होती, नेहमी मुलीचीच येते.

मग काही दिवस काहीच कळलं नाही. आणि एका सकाळी सरांचा फोन आला. आवाज बसलेला. "मॅडम, रविवारी मी तुमच्याकडे येऊ का? वनिताताईंनाही बोलवा. मुलांनाही."

मला वाटलं, गणितात काही खोट निघाली. रविवारी सगळे आले. वनिताबाई नवी साडी नेसून दिवाणाच्या काठावर टेकल्या होत्या, अपमान झालाच तर लवकर उठता यावं अशा. प्राजक्ता त्यांच्याशेजारी. निखिल दाराशी उभा. सरांनी खिशातून कागद काढला आणि तो वनिताबाईंसमोर नाही, माझ्यासमोर ठेवला.

"तुमचं गणित बरोबर आहे. मुलीचा मंगळ सहाव्यात जातो." मग त्यांनी खालच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "मुलाचंही केलं. त्याची लग्नरास नुकतीच उगवत होती, तिसऱ्या अंशावर. मंगळ सहाव्या राशीच्या शेवटी. त्याचं कुंपण मागे सरकतं. मंगळ सातव्यात येतो."

मी कागद पाहिला. खरंच येत होता. सरांचं गणित माझ्यापेक्षा नीटनेटकं होतं.

वनिताबाईंना काही कळलं नाही. मी सांगितलं, "बाई, जुन्या रीतीनं मंगळ तुमच्या मुलीला होता आणि मुलाला नव्हता. या रीतीनं मुलीला नाही आणि मुलाला आहे."

"मंजे मंगळाचा पोरगा?" वनिताबाईंनी निखिलकडे असं पाहिलं, जसं पाहुण्यांनी आजवर त्यांच्या मुलीकडे पाहिलं असेल. निखिल बिचारा ओशाळून भिंतीला टेकला. मग त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं, "काकू, पोरायचं बी माठाशीच लावते का?"

"मुलांचं रुईच्या झाडाशी लावतात."

"आमच्या दुकानामांगं रुईच रुई हाये," वनिताबाई म्हणाल्या. प्राजक्तानं तोंडाला ओढणी लावली, खांदे हलत होते. निखिलही हसला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या खिशातून आणखी एक कागद काढला.

"एक तिसरी पद्धत आहे," ते घाईघाईनं म्हणाले. "तिच्यात उगवता अंश घराची सुरुवात धरतात. मी त्या पद्धतीनंही केलं. त्यात मुलीचाही सहाव्यात येतो आणि मुलाचाही सहाव्यातच राहतो. कोणालाच मंगळ नाही. दोघंही मोकळी होतात."

ते खरं होतं. मला ती पद्धत माहीत होती, आणि त्या क्षणी मलाही वाटलं, चला, सुटलो. नियमाचं पुढे बघू. पण वनिताबाईंनी तो कागद हातात घेतला. उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"हे पद्धत कवा निंगाली, सर?"

"नवी नाही. बऱ्याच वर्षांपासून आहे."

"मंग माह्या पोरीच्या वेळेस काऊन नाई काढली कोनी?"

प्राजक्ताचं हसू थांबलं होतं. वनिताबाई चिडलेल्या नव्हत्या, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. "तुमच्या पोरावर आलं, तं तुमी रातभर जागून तिसरी पद्धत शोधली. माह्या पोरीवर होतं, तं सगळे पह्यल्या पद्धतीवरच थांबले. पाहुने बी थांबले, भटजी बी थांबले, आन् तुमी बी थांबले. तिच्यासाठी कोनाले दुसरं पान पलटवावं वाटलं नाई."

सरांनी तो तिसरा कागद त्यांच्या हातातून हळूच परत घेतला, त्याची घडी केली आणि फाडला. मग टेबलाकडे बघत बोलायला लागले.

"निखिलची आई गेली तेव्हा तो पाचवीत होता. ती का गेली, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण मला ते पुरलं नाही. म्हणून मी हे शिकलो. शिकल्यावर माझ्या पत्रिकेत सातव्यात मंगळ सापडला. तेव्हापासून मी धरून चाललो आहे की ती माझ्यामुळे गेली. प्राजक्ताला नाही म्हटलं ते त्या भीतीनं. आता तोच मंगळ माझ्या मुलात निघाला. उद्या हिला काही झालं तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू, वनिताताई? तुम्ही नाही म्हणालात तर मला राग येणार नाही."

निखिलनं हे कधी ऐकलेलं नसावं. तो वडिलांकडे बघत राहिला.

वनिताबाईंनी पदर सारखा केला. बोलल्या तेव्हा आवाज खालचा होता. "सर, माही न् प्राजक्ताच्या बाबाची कुंडली लय चांगली जुळलती. मंगळ नाई, काई नाई. भटजी म्हने, असा जोडा पायला नाई. तरी गेले नं ते. मी तं कोनाच्या ग्रहाले बोल नाई लावला. तुमी काऊन स्वतःले लावून घेता? निखिलच्या आई बिमार होत्या, म्हनून गेल्या. तुमी त्यायची सेवा केली असन. येवढंच खरं हाये."

सरांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नुसतीच हलली, कळलं नाही.

"आन् तुमच्या पोराचं म्हनाल, तं ऐका," वनिताबाई उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, संपलं, निघाल्या. पण त्या दाराशी निखिलजवळ गेल्या. "माह्या पोरीले लोकायनं मंगळाची म्हनून दारातून वापस पाठवलं. ते कसं लागते, मले मालूम हाये. मी तुमच्या पोराले वापस नाई पाठवत."

त्यांनी निखिलच्या डोक्यावर हात ठेवला. प्राजक्ता रडायला लागली, आणि तिला गप्प करायच्या ऐवजी निखिलही रडायला लागला. राऊत सर उभे राहिले. काय करावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी वनिताबाईंना हात जोडले, आणि ते बराच वेळ तसेच जोडलेले राहिले.

तारीख काढायची म्हणून मी पंचांग उघडलं. माझे डोळे इतके भरले होते की अक्षरं लागेनात. शेवटी ते सरांकडे सरकवलं आणि म्हटलं, "घ्या सर. गणित तुमचं चांगलं आहे, तारीख तुम्हीच काढा."

सरांनी चष्मा पुसला आणि पान उलटलं.